इंधनाचा रकाना

४ जून

ती. दादास,
हात काळे आहेत, म्हणून लांबूनच सा. न. वि. वि.

आमच्या लॉन्ड्रीत नवा मॅनेजर आलाय. तीन दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे येतात, त्यामुळे माझा बॉयलर थंड पडून चालत नाही. याला स्वस्ताई सुचली. भुशाचे ठोकळे बंद झाले आणि आवारात पोती येऊन पडली. आत टायरचे तुकडे, चपलांचे तळ, वायरींची सालं. हे काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, जळतं ना, मग इंधनच. वर रोजच्या वहीत ‘इंधनाचा प्रकार’ या रकान्यात लाकूड लिहायला सांगितलं.

आठवडाभर जाळलं मी, खोटं कशाला बोलू. समोरच्या घरांनी खिडक्या लावून घेतल्यात. बाळंतिणींच्या चादरींची घडी घालताना इस्त्रीवालीच्या बोटांना काजळी लागली. रकाना मात्र मी कोरा ठेवलाय. भट्टीचं काम तूच शिकवलंस, तूच सांग काय करू.

वेडी असले तरी माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

१० जून

चि. धाकटीस,
काळ्या हातांसकट अ. उ. आ.

ओल्या लाकडापासून गॅसपर्यंत मी सगळं जाळलं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, कोळशात दगड निघतात, तेल गारठ्यात घट्ट होऊन नळीत अडकतं. गॅस आज्ञाधारक, पण तो एकदाच चुकतो. या सगळ्यांचे स्वभाव सांभाळले, तसे वरच्या माणसांचेही सांभाळावे लागतात. तुझ्या लेकीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं डोळ्यांवर कातडं ओढ आणि लिही लाकूड. तीन अक्षरांनी कुणी मरत नाही.

माझा खोकला आहे तसाच आहे, सिगारेटची कृपा.

रागावलीस तरी लोभ कमी न करणारा,
दादा

११ जून

प्रिय वन्सं,
आशीर्वाद शेवटी, आधी हे वाचा.

तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. सिगारेट सुटून त्यांना वीस वर्षं झाली. हा खोकला रंगाच्या कारखान्यातला आहे. तिथे दोन वर्षं त्यांनी रंगाने माखलेल्या चिंध्या आणि रबर जाळलं, आणि रोज सही करून वहीत कोळसा लिहिलं. त्यांच्या जोडीचा भट्टीवाला छाती भरून गेला. त्याची बायको दाद मागायला गेली, तर कारखान्याने हात वर केले, कारण वहीत कोळसाच होता.

तुमचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि ताटावरून उठून गेले. घाबरलेत हो ते. पण त्यांचं ऐकू नका. नवऱ्याविरुद्ध सल्ला देण्याची ही माझी दुसरीच वेळ. पहिला पडद्यांच्या रंगावरून दिला होता.

आता आशीर्वाद, पोटभर.
वहिनी

२४ जून

ती. दादास,
यावेळी हात धुऊन सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मानला नाही. पंधरा तारखेला सकाळी वहीत लिहिलं: टायर, रबर, वायरींची सालं. मॅनेजरने पान फाडलं. मी पुढच्या पानावर पुन्हा लिहिलं. तो म्हणाला, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, आत्ताच जाते. भट्टी रीतसर विझवली, दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबले, भिंतीवरचा माझा परवाना चौकटीसकट काढला आणि तो मांडीवर घेऊन फाटकाबाहेर बसले.

परवानेवाल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही. मॅनेजरने दुसरा भट्टीवाला बोलावला, तुझ्याच वयाचा. त्याने पोत्यात हात घातला, वास घेतला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. दुपारी इस्त्रीवाल्याही बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी चादरी संपल्या म्हणून एका दवाखान्याची मेट्रन स्वतः आली. मी तिच्या हातात धुतलेला एक अभ्रा दिला. तिने तो चोळला, बोटं बघितली आणि तिथूनच मालकाला फोन लावला.

पोती गेली, भुसा परत आला. मला मात्र परत घेतलं नाही. मी उर्मट आहे म्हणे. त्या भट्टीवाल्याला ठेवलंय, तो रकाना खरा भरतो. लेक म्हणाली, वर्ष लांबलं तर लांबू दे. थोडी रडले, पण माफी मागायला गेले नाही, जाणारही नाही.

ऐकलं नाही म्हणून दूर लोटू नकोस.
धाकटी

३ जुलै

चि. धाकटीस,
मान वर करून अ. उ. आ.

वहिनीने तुला लिहिलं हे मला ठाऊक आहे. पाकिटं मी मोजून आणतो.

काल बॉयलर निरीक्षकाच्या कचेरीत गेलो. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर खोकायला थांबलो. लेखी दिलं, की माझ्या सहीने दोन वर्षं जो कोळसा लिहिलाय तो कोळसा नव्हता. काय काय होतं ते सगळं लिहिलं, आणि जोडीदाराचं नावही. कारकून म्हणाला, कारखाना केव्हाच बंद पडलाय, आता उपयोग काय, उलट तुमच्याच अंगाशी येईल. म्हटलं, येऊ दे, शिक्का मारा. तो मारेना. मी बाकावर बसून राहिलो. त्याची जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला. चार वाजता मारला.

कालच संध्याकाळी एक प्रत जोडीदाराच्या बायकोला नेऊन दिली. तिने दोनदा वाचली. मला आत ये म्हणाली नाही, आणि ते बरोबरच आहे. दारातूनच म्हणाली, की उद्या ती स्वतः त्या कचेरीत जाणार, आणि मी सोबत यायचं.

नव्या ठिकाणी अर्ज करशील तेव्हा आधीचं काम का सुटलं ते विचारतील. खरं तेच लिही.

आजवर लोभ मागत आलो, आता जमलं तर थोडा विश्वासही ठेव. पत्र इथेच थांबवतो, जोडीदाराची बायको खाली येऊन उभी आहे.
दादा