खाऊला म्हणून दिलेले पाचशे

माय, आमच्या घरी एक म्हातारा कुत्रा आहे आणि एक मांजर, हे ऐकलं की तू आधी हसशील. "मान्साले पुरत नव्हतं तवा, अन् आता कुत्र्याले गोया औषध," असं म्हणशील आणि मग पदर तोंडावर धरून आणखी हसशील. खरंच गोळ्या आहेत माय. त्याच्या मागच्या पायात वात आहे, सकाळी अर्धी आणि संध्याकाळी अर्धी, दुधात कुस्करलेल्या पोळीच्या गोळ्यात लपवून द्यावी लागते, नाहीतर तो पोळी खातो आणि गोळी नेमकी बाहेर काढून ठेवतो. शेजारचे भाडेकरू बदली होऊन गेले आणि त्याला फाटकाशी सोडून गेले, तेव्हापासून तो आमचा. मांजर तर स्वतःच आली. वाशीमच्या या कॉलनीत घर बांधलं तेव्हा वाटलं होतं की दोघंच राहू, तुझा जावई आणि मी, मुलगा पुण्याला. आता घरात चार जण आहेत, आणि त्यातले दोघं माझ्यापेक्षा वेळेवर जेवतात.

या हिवाळ्यात ऑफिसच्या बायकांनी बोधगया, सारनाथचं ठरवलं. बारा दिवस. तू होतीस तोवर तुला न्यायचं राहून गेलं होतं, म्हणून मी पहिलं नाव माझं आणि यांचं लिहिलं. प्रश्न या दोन जिवांचा होता. आमच्या कॉलनीच्या टोकाला एका बागायतदाराचं घर आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी, टमाटे लावतात आणि बाजारात नेतात. त्यांची मुलगी अकरावीला आहे. आमच्याकडं भाजी द्यायला येते तेव्हा पायरीवर बसून कुत्र्याचे कान खाजवल्याशिवाय जात नाही. मी तिला विचारलं. ती लगेच "हो काकू" म्हणाली. गोळी कशी द्यायची, मांजरीला दूध कशात, किल्ली कुठं, सगळं मी दोनदा सांगितलं. पैशाचं मी बोलले नाही. तीही बोलली नाही. आपण ज्याला जवळचं म्हणतो त्याच्याशी पैशाचं बोलणं बरं दिसत नाही, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

सारनाथला होतो तेव्हा तिचा फोन आला. "काकू, तो कालपासून जेवून नाही राह्यला. ओकला बी." मी तिकडून काय करणार? म्हटलं, बाबांना सांगून दवाखान्यात नेता येईल का बघ. तिनं बापाच्या भाजीच्या ऑटोत रिकाम्या क्रेटांमध्ये पोतं अंथरलं आणि त्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बैल, बकऱ्या, एक पान्हा चोरणारी म्हैस, अशा रांगेत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी तीन दिवस इंजेक्शनं सांगितली. ती तिन्ही दिवस गेली. त्या तीन दिवसांत तिचं कॉलेज बुडालं, एक प्रॅक्टिकलही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला फक्त फोटो आला, कुत्रा ताटलीत तोंड घालून वरणभात खातोय आणि मांजर त्याच्याकडं तुच्छतेनं बघतेय. मी तो सगळ्या बायकांना दाखवला.

बनारसच्या बाजारात मी तिच्यासाठी एक ओढणी घेतली. गर्द मोरपंखी, जरीच्या काठाची. घासाघीस केली तरी महागच पडली. परत आलो तेव्हा कुत्रा फाटकाशी उभा होता, पाय ओढत का होईना तीन चकरा मारल्या त्यानं माझ्याभोवती. घर झाडलेलं होतं. मी पोरीला बोलावलं, औषधाला लागलेले पैसे दिले, ओढणी दिली, प्रसादाचा पुडा दिला, आणि वर पाचशेची एक नोट. "खाऊला," म्हणाले. तिनं ओढणीवरून हात फिरवला. "लय सुंदर हाय काकू." मी त्या दिवशी फार खुशीत झोपले, माय. आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटून जी झोप लागते ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढणी घेऊन परत आली. तशीच घडी, तीच पिशवी. मी चहा ठेवत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काकू, एक बोलू का? राग नोका मानू."

"बोल नं."

"हे ओढणी तुमी ठेवा. मले माह्या कामाचे पैसे द्या."

मला आधी कळलंच नाही. "काल पाचशे दिले ना तुला?"

"ते खाऊले देल्ले तुमी." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बारा रोज दोन्ही टाइम आली मी. तीन रोज दवाखान्यात गेली, कॉलेज सोडून. बाबाच्या वावरात टमाटे तोडाले गेली असती तं बाबानं मले बी रोज देल्ला असता. पोरगी हाय म्हणून खाऊ नाही देत बाबा."

आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "अगं, तुला आम्ही घरच्यासारखी मानतो."

ती खाली बघत म्हणाली, "मी बी मानतो काकू. म्हणून तं त्याले घेऊन बसली तिथं." पिशवी ओट्यावर ठेवली, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. चहा उतू गेला. हे पेपर वाचत होते, त्यांना म्हटलं, बघितलंत का आजकालची पोरं, एवढी ओढणी आणली, माझ्या ओट्याशी उभी राहून चहा पिते ती, कधी परकी मानली का? हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पैसे मांगितले तिनं, शिवी नाही देल्ली." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. पण 'घरच्यासारखी' हा शब्द माझ्या जिभेवर राहिला होता, एखादी गोळी विरघळताना कडू लागते तसा. हा शब्द मी आधी कुठं ऐकला, ते मला दुपारी भांडी घासताना आठवलं, आणि हातातली कढई मी तशीच नळाखाली सोडून दिली.

मी बारा वर्षांची आहे. आपण कामरगावात. हंगामात तू ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातेस, तिथल्या मॅनेजरच्या घरचे मे महिन्यात लग्नाला गावी गेलेत, आणि त्यांचा पांढरा केसाळ कुत्रा आणि पिंजऱ्यातला पोपट माझ्याकडं सोपवलाय. घराला कुलूप. ओसरीच्या पायरीपर्यंत माझा वावर. घरातली माणसं असतात तेव्हा तो कुत्रा थेट चुलीपर्यंत जातो, मी मात्र तेव्हाही पायरीपर्यंतच. हँडपंपावरून मी बादल्या आणते, पोतं ओलं करून कुत्र्याखाली घालते, पोपटाला मिरची देते. कुत्र्याच्या भाकरीसाठी मॅनेजरीणबाईंनी ज्वारी दिलीय, आणि तू वावरात धसकटं वेचायला जायच्या आधी आमच्या भाकरीबरोबर त्याची थापतेस. अगदी आमच्याएवढी. मी म्हणते, "माय, त्याची बारीक कर नं, ज्वारी उरन आपल्याले." तू तव्यावरची भाकर उलटतेस आणि माझ्याकडं न बघता म्हणतेस, "त्याची ज्वारी त्याले. आपल्याले आपली." मला तेव्हा तू वेडी वाटलीस. घरात पीठ नाही आणि ही कुत्र्याचा हिशेब बघते.

सव्वीस दिवसांनी ते परत आले. बाईंनी मला त्यांच्या मुलीच्या चपला दिल्या. जुन्या, पण लाल पट्ट्याच्या, टाचेला जराशा उंच. माय, मी त्या घालून आपल्या मोहल्ल्यात एकीकडून दुसरीकडं चार वेळा गेले. काही काम नव्हतं. तू वावरातून आलीस, पायांकडं बघितलंस. "पैसे?" मी म्हटलं, चपला देल्ल्या नं. सकाळी माझा हात धरून तू मॅनेजरच्या घरी निघालीस, एका हातात चपला. मी पूर्ण रस्ता रडत होते.

बाई ओसरीत आल्या. तू चपला पायरीवर ठेवल्यास. "बाई, हे वापस घ्या. पोरीची मजुरी द्या. मोठ्या बाईची नाही मांगत, तिची अर्धी द्या."

"अगं, असं काय बोलतेस? तुझी पोर आम्हाला घरच्यासारखी."

"घरच्यासारखी हाय, तं सव्वीस रोज पायरीवर कायले बसली?"

मी जमिनीकडं बघत होते. बाई आत गेल्या, पैसे आणून पायरीवर ठेवले, तू वाकून उचललेस. रस्त्यात मी हात सोडवून घेतला आणि ओरडले, "तुले लाज नाही वाटत का?" तू थांबलीस. मला वाटलं मारशील. "लाज फुकट राबाची वाटली पाह्यजे. आपल्या हक्काचं मांगाले कायची लाज?" आणि थोडं पुढं गेल्यावर, माझ्यासाठी कमी आणि स्वतःसाठीच जास्त, "बक्षीस घेतलं का हात जोडा लागते. मजुरी घेतली का सरळ घरी येता येते." घरी आल्यावर तू सगळे पैसे माझ्या मुठीत ठेवलेस आणि मी त्याचं काय केलं ते कधी विचारलं नाहीस. त्या वर्षी जिनिंगचा हंगाम सुरू झाला तेव्हा तुला बाकीच्या बायकांपेक्षा पंधरा दिवस उशिरा बोलावलं. ते का झालं, हे कळायला मला नोकरीला लागावं लागलं.

मला वाटायचं, माय, की मी तुझ्या बाजूची आहे. पंचायत समितीत इतकी वर्षं बसले, मजुरांचे हजेरीपट हातून गेले, कुणाचा एक दिवस कमी लागला तर मी भांडलेय. आणि माझ्याच ओट्यावर ओढणीची पिशवी पडलेली, आणि मी मॅनेजरीणबाईंचाच शब्द जसाच्या तसा बोलून मोकळी. उलट एक फुशारकी जास्त, की मी हिला आत येऊ देते.

संध्याकाळी उन्हं उतरताना मी त्यांच्याकडं गेले. अंगणात मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. पोरीनं मला बघून मान खाली घातली. तिची आई घाईनं उठली, हात पुसत म्हणाली, "काहून आल्या ताई? पोरगी काही बोलली का तुमाले? म्या लय झापलं तिले. शेजाऱ्यायच्या कामाचे पैसे मांगते का कोनी? लाज नाही आजकालच्या पोरायले."

मी तिथंच मेथीच्या ढिगाजवळ बसले. म्हटलं, "लाज तिले कायले? लाज मले वाटली पाह्यजे." किती वर्षांनी माझ्या तोंडातून अशी आपली बोली निघाली. मी पोरीला म्हटलं, "सांग, किती झाले?"

"तुमी सांगा काकू."

"मी सांगितले तं पुन्हा खाऊच होईन. तू सांग."

तिनं जुडी बांधता बांधता सांगितलं. विचार करूनच ठेवला होता तिनं. साध्या दिवसाचे दोनशे, दवाखान्याच्या तीन दिवसांना बाईचा पूर्ण रोज, तीनशे. त्यातून काल दिलेले पाचशे वजा तिनंच केले. मी बावीसशे दिले. तिनं ते आईसमोर मोजले, अगदी नीट, आणि मला तिचं ते मोजणं फार आवडलं. मग मी पिशवी पुढं केली. तिची आई "नको नको" करत होती. पोरगी म्हणाली, "आता घेतो. पैशाच्या बदल्यात नोको होती मले." आणि तिथंच गळ्याभोवती टाकली, मेथीच्या मातीच्या हातांनी. तिची आई ओरडली, "आवो, हात तं धू!" आम्ही तिघीही हसलो. जाताना एक मोठी जुडी हातात दिली त्यांनी. मी पैसे काढले तर तिची आई म्हणाली, "हे शेजारधर्मात हाय ताई, याचे नाही घेत," आणि मी मुकाट्यानं घेतली. कशाचे घ्यायचे आणि कशाचे नाही, हे त्या घरात आता दोघींना पक्कं ठाऊक होतं.

आता सगळं बरं चाललंय. पुढच्या महिन्यात केनवडला लग्न आहे, तीन दिवस. तिला आधीच विचारलं, भाव आधीच ठरला, आणि परीक्षा जवळ आहे म्हणून एक दिवस तिनं नाही म्हटलं. त्या दिवशी हे घरी थांबतील. कॉलनीत आणखी दोन घरांनी तिला विचारलंय, एकाकडं ससे आहेत. कुत्रा माझ्यापेक्षा तिच्या हातची गोळी मुकाट खातो. ती गोळी लपवत नाही म्हणे, सरळ तोंडात टाकते आणि गळा चोळते. पैशांचं काय करते ते मी विचारलं नाही.

हे पत्र मी ऑफिसच्या जुन्या डायरीत लिहितेय आणि ते त्याच डायरीत राहील. यांनाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट त्यांनाही माहीत नाही. मागच्या आठवड्यात डबा खाताना बायकांमध्ये घरकामाच्या पैशांचा विषय निघाला. मी सांगितलं की आमच्याकडं शेजारची पोरगी जनावरं बघते आणि मी तिला रोजाप्रमाणं पैसे देते. सगळ्यांनी कौतुक केलं. एक म्हणाली, असा विचार करणारी माणसं कमी असतात. मी मान हलवली आणि लोणचं वाढून घेतलं. पोरीला ते मागावे लागले, हे मी सांगितलं नाही.