यंदाची काळी बिअर

२ फेब्रुवारी
कोर्बिनियानला घोटभर पाणी गिळता येत नाही, पण हुकूम सुटत नाहीत! वरच्या खोलीत पडल्या पडल्या— "बुर्गी, तळघरात जा, चव घेऊन ये." तिथं मुरतेय त्याची ती गव्हाची काळी, कडक बिअर. ईस्टरआधीच्या उपवासात पोटाला आधार हिचाच, सारं गाव तिची वाट बघतं. लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं त्यानं चाखली, मी पेले धुतले. आता जीभ माझी.

"आधी हुंग. पिकलेलं केळं यायला हवं, मग लवंग. घोट तोंडात धर— करपत आलेली पावाची कड, सुकं आलुबुखार. गोड वाटते, पण नंतर चढते. तुझ्या आईसारखी!"

हसताना ठसका लागला. पाठ चोळत बसले.

९ फेब्रुवारी
केळं आलं! लवंगसुद्धा! जिन्यातूनच ओरडले.

१७ फेब्रुवारी
आंबली. तीनदा चाखली. निव्वळ व्हिनेगर.

वर गेले तर त्याचे डोळे दाराकडेच. "कशीय?"

"झकास. इतकी चांगली कधी झालीच नव्हती."

कसं बोलले मी हे! वर तो म्हणतो, "मग माझ्या मयताच्या जेवणाला हीच वाढ."

२२ फेब्रुवारी
ओठांना लावायला थेंबभर मागितली. काय करणार! पलीकडच्या गावात इग्नाझकडे गेले, तोही बिअर करतो. वीस वर्षांत त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. तो आणि कोर्बिनियान भागीदार व्हायचे होते, भांडले, तेव्हापासून तोंड बघणं बंद. इग्नाझनं काही विचारलं नाही. त्याच्या काळ्या बिअरची बाटली हातात ठेवली.

कापूस बुडवून ओठांना लावला. कोर्बिनियाननं डोळे मिटले. ओठांवरून जीभ फिरवली.

"इग्नाझची. छान केलीय... आपली गेली ना?"

मला रडूच फुटलं.

"वेडे, त्या दिवशी जिना किती हळू चढलीस! तेव्हाच कळलं. ओतून टाक सगळी. जेवणाला इग्नाझची आण."

२३ फेब्रुवारी
ओतली. अंगणाला अजून आंबूस वास येतोय.

२७ फेब्रुवारी
गेला. सकाळी, चर्चची घंटा वाजत असताना. हात माझ्या हातात होता.

३ मार्च
मयताचं जेवण. इग्नाझनं स्वतः पिंपं आणली. जो तो म्हणतो, "अगदी कोर्बिनियानची चव!" संताप आला. माणूस मातीआड होऊन तास झाला नाही, अन् त्याची चव दुसऱ्याच्या नावावर!

५ मार्च
इग्नाझ आला. हातात झाकणाचा डबा. "तुमच्या बिअरचं यीस्ट. दुखणं कळल्यावर कोर्बिनियान घेऊन आला होता. म्हणाला, 'माझ्या तळघराचा भरवसा नाही. यंदाची माझी बिअर तू कर. बुर्गीला सांगू नकोस, वीस वर्षं मी तुला शिव्या दिल्यात, ती हसेल.' सगळं त्यानं सांगितलं तसंच केलं मी."

म्हणजे त्या दिवशी त्याच्या ओठांवर त्याचीच बिअर होती. आणि त्याला ठाऊक होतं!