पुढं कोण चालणार

बाबा, तुम्ही हे वाचणार नाही, तरी लिहितो. तुमचा पणतू, म्हणजे माझा नातू, फौजेत आहे आणि त्याला सुट्टीवरून मध्येच परत बोलावलं आहे.

कुंभिवलीला हायवेवर माझं हॉटेल आहे. तुम्ही गेलात तेव्हा नुसती चहाची टपरी होती. गल्ल्यावर बसून सगळ्या टेबलांवरचं बोलणं ऐकायची सवय अजून शाबूत आहे. सध्या लढाईशिवाय विषय नाही. टीव्हीवर दोन्हीकडचे पुढारी गरजतात आणि इथे मिसळ खाता खाता माणसं शत्रूची राजधानी घेऊन मोकळी होतात. जो जास्त जोरात बोलतो त्याला मी हसत विचारतो, मुलगा कुठे असतो? कुणाचा बंगळूरला, कुणाचा कॅनडात. मग ते बिल मागतात.

अशा वेळी आपल्या गावचा, पोशीरचा तो दिवस आठवतो. भातात डुकरं शिरली की सगळं गाव हाकायला निघायचं, आणि रीत अशी की देवळापुढं नारळ फोडेल त्यानं सगळ्यांच्या पुढं चालायचं. त्या वर्षी पाटाच्या पाण्यावरून वरच्या गावाशी बिनसलं. आपल्या पुढाऱ्यानं नारळ फोडला, पोरांना काठ्या घ्यायला सांगितल्या आणि स्वतः पायरीवर टेकला. मी त्या पोरांत आहे, हात शिवशिवतायत. तुम्ही तंबाखू मळत त्याच्यासमोर जाता.

"नारळ तू फोडलास ना रं? मग ऊठ. पोरं तुझ्या मागनं येतील. मीबी येतो."

तो वरच्या गावाकडं बघतो, मग आपल्या गुडघ्यांकडं, आणि म्हणतो, आधी बोलून तर बघू. संध्याकाळपर्यंत पाणी वाटून झालं.

आज सकाळी शिळफाट्यावर नातवाचा सत्कार झाला. आमदारसाहेबांनी नारळ फोडला, आमची तरुण पिढी रक्त सांडायला तयार आहे म्हणाले. माइक माझ्याकडे आला. "आमच्या गावात नारळ फोडणारा पुढं चालतो," मी म्हटलं. "साहेब, ट्रेन दुपारची हाय, कर्जतवरनं." लोक खूप हसले. साहेबही हसले, माझ्या पाठीवर थाप मारून पुढच्या कार्यक्रमाला गेले. आपल्या पुढाऱ्याला निदान वरचं गाव समोर दिसत होतं. यांची लढाई फार लांब असते.

कर्जतला मीच सोडायला गेलो. वाटेत नातू म्हणाला, "आजोबा, माझ्याबरोबरची पोरं तिकडं पोचली पण. मी मागं कसा राहू?"

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. आज मी गाडी बैलगाडीसारखी हाकली. टायर बघायला म्हणून रस्त्यात उतरलो, सावकाश चारी बाजूंनी फिरलो. टायरला काही झालेलं नव्हतं. तो आत बसून घड्याळ बघत होता. ट्रेन उशिरा आली. मिळाली त्याला.