डॉल्फिनसाठी कणकेच्या गोळ्या

प्रिय उन्नती,

हुडकेश्वरला घरी परतून आठवडा होत आला. तू रोज फोनवर विचारतेस, डॉल्फिन कसे होते, आणि मी "छान होते" म्हणून मोकळी होते. खरं सांगू? तुझे बाबा गेल्यापासून मला काही वाटतच नाही. भाजीत मीठ पडलं की नाही, हेही इंदुआत्याने तोंड वाकडं केल्यावर कळतं.

"रिटायर होऊ दे वं, तुले समुद्र दाखवतो," असं ते जन्मभर म्हणत राहिले. म्हणून त्यांच्या अस्थी घेऊन मी मालवणला गेले. आत्याला हे खूळ पटलं नव्हतं. आपल्या घरातल्या सगळ्यांचं अस्थिविसर्जन रामटेकला, अंबाळा तलावातच झालं ना! तरी आली बिचारी, आणि शिडाच्या होडीत माझा दंड धरून रामरक्षा म्हणत बसली.

मी डबाभर कणकेच्या गोळ्या करून नेल्या होत्या. अंबाळ्यावर बाबा तुला कडेवर घेऊन माशांना टाकायचे, तशाच. होडीवाल्याने शीड उतरवलं, आणि थोड्या वेळाने फस्स करत काळ्या पाठी वर आल्या. एक पिल्लूही होतं, आईला चिकटून. मी गोळ्या टाकल्या. होडीवाला म्हणाला, काकू, हे जिवंत मासे धरून खातात, कणीक नाही खात. होडीतले बाकीचे प्रवासी हसले. मला लाजसुद्धा वाटली नाही. सवयीने "अहो, बघा" म्हणायला शेजारी वळले, तर तिथे आत्या डोळे गच्च मिटून बसलेली.

मग अस्थींच्या लाल फडक्याची गाठ सोडायला घेतली. हात चालेना. "काहून थांबली वं?" आत्याने विचारलं. मी फडकं परत पिशवीत ठेवलं.

व्हिसाच्या अडचणीमुळे तुला निघता आलं नाही. बाबांना तू मोबाईलवरच शेवटचं पाहिलंस, त्यातही नेट जात होतं. माझ्यासाठी थांबू नका, असं तूच म्हणालीस, आणि आम्ही ऐकलं. फडकं आता अंगणातल्या पेरूला टांगलंय. आत्या येता-जाता बडबडते. बडबडू दे. समुद्र की अंबाळा, ते तू ठरव. गाठ तुझ्या हाताने सुटेल. तू दारात दिसल्याशिवाय मला रडूही येणार नाही, असं वाटतं. थांबू नका म्हणालीस ना, पोरी? मी थांबले आहे.

तुझीच,
आई