माझ्यामागे बांधाचं काय करायचं ते

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा शेती, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "ताई, ऑपरेशन साधं आहे. मृत्युपत्राची एवढी काय घाई?" मी म्हटलं, "घाई मला नाही, पावसाला आहे." कचेरीबाहेर कागद लिहून देणाऱ्या अर्जनवीसाने नमुना दिला होता. त्यातली चार वाक्यं घेतली, बाकीची माझी आहेत.

येत्या गुरुवारी मला भूल देणार. त्यानंतर तीन आठवड्यांनी पाऊस. मधल्या दिवसांत माझं काही झालं तर बांधाला मालक नाही आणि वाटणीची भांडणं, असं व्हायला नको, म्हणून हा कागद.

१. राहतं घर, वरची शेती, विहीर आणि ट्रॅक्टर माझ्या एकुलत्या मुलाला. ट्रॅक्टरचा ब्रेक उजवीकडे ओढतो हे त्याला माहीत आहे आणि दोन वर्षांपासून तो "उद्या बघतो" म्हणतो.

२. माझे दागिने सुनेला. तिने कधी मागितले नाहीत, म्हणून.

३. बँकेतली ठेव फक्त बांधाच्या दुरुस्तीला. आकडा लिहीत नाही, वाचणाऱ्यांचे डोळे मोठे होतात.

४. आता बांध. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ओढा अडवून घातलेला हा मातीचा बांध सरकारी नाही, आमचा खाजगी आहे. म्हणून तपासायला कोणी येत नाही, आणि आला तर गाडीतून उतरत नाही. मागच्या वर्षी एक अधिकारी आले. काच खाली केली, "वा, झकास हिरवळ आहे," म्हणाले आणि "सुस्थितीत" असा शेरा मारून गेले. ती हिरवळ पायथ्याला होती, भर उन्हाळ्यात. पाणी झिरपल्याशिवाय तिथे गवत हिरवं राहत नाही, हे चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कळतं. या अधिकाऱ्यांना मी खालच्या कलमातली एक बाटली ठेवते. टेबलावर ठेवावी.

५. तलावाचं पाणी सोडायच्या झडपेजवळच्या खोलीत फळीवर बाटल्या आहेत. कोणी रद्दीवाल्याला देऊ नये. बांधाच्या पोटातून पाइप बाहेर येतो, त्याच्या कडेने पाणी पाझरतं. दर सोमवारी मी ते बाटलीत भरते, चिठ्ठी चिकटवते आणि दुसऱ्या दिवशी तळ बघते. पाणी पाझरलं तर एक वेळ चालतं, मातीच्या बांधाला घाम यायचाच. पण तळाला माती बसली तर समजायचं, बांध आतून पोखरला जातोय. दहा वर्षं तळ स्वच्छ होता. या फाल्गुनापासून माती दिसते. मागच्या सोमवारच्या बाटलीत ती बोटाच्या एका पेराएवढी होती. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही, आणि डॉक्टरांना वाटतं मी ऑपरेशनला घाबरले.

६. सांडवा. तलाव भरला की जादा पाणी जायची ती वाट. माझा मुलगा दर पावसाळ्यात तिथे वाळूच्या गोण्या रचतो, दोन फूट पाणी जास्त साठावं म्हणून. मी काढते, तो रचतो.

"आई, एवढं पाणी फुकट जातं."

"ते जातं म्हणून बांध राहतो, गाढवा."

"बावीस वर्षं उभा आहे ना?"

"तुझा बापही साठ वर्षं उभा होता. पडायला एक दुपार पुरली."

तो हसला. हसणं बापासारखं आहे, म्हणून आजवर सुटला. पण बांध त्याला देत नाही. त्याचं घर वर आहे. बांध फुटला तर त्याचं पीक जाईल. खाली सात घरं आहेत, त्यांचं काय जाईल ते लिहवत नाही.

७. म्हणून बांध, झडप, सांडवा, खोली, फावडी, घमेली आणि माती ठोकायचे दोन्ही धुमस मी माझ्या धाकट्या जावेला देते. ती विधवा आहे, दोन मुलींसह त्या सातांतल्या पहिल्या घरात राहते. बांधाखालची ती जागा वाटणीत मीच तिच्या गळ्यात मारली. वरची काळी जमीन आम्ही ठेवली. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. कारण लिहिते.

बांध घालताना पाइप टाकला तेव्हा मालक तापाने आडवे होते आणि काम माझ्या ताब्यात होतं. पाइपाभोवती वीत वीत माती घालायची, पाणी शिंपायचं, थर ठोकायचा, मग पुढचा थर. दोन दिवस तसं केलं. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. जाऊ तेव्हा नवी नवरी. म्हणाली, "जाऊबाई, कडेला पाय रुततोय. अजून दोन दिवस ठोकूया." मी म्हटलं, "शहाणपण माहेरी ठेवून यायचं होतंस. ढकला माती." उरलेली माती एका दुपारात ढकलली. पाझर नेमका तिथेच आहे. हे मी मालकांनाही सांगितलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिला तिथे ओल दिसली. ती चार लोकांत बोलली. मी म्हटलं, "वाटणीत कमी मिळालं, म्हणून तुला जिथे तिथे पाणी दिसतं." आणि त्याच संध्याकाळी पहिली बाटली भरली.

काल तिच्या दारात गेले. ती अंगण झाडत होती.

"जाऊबाई, वाट चुकलात वाटतं."

"बांध तुझ्या नावे करतेय."

"कधीपासून?"

"मी मेल्यावर."

"आणि तोवर पाणी थांबणार का?" ती झाडतच राहिली.

मग मी पाइपाचं सांगितलं. सगळं, ती दुपार धरून. तिने झाडू भिंतीला टेकवला. "मला माहीत आहे. मी तिथेच उभी होते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

तिने हात पुढे केला. "झडपेची किल्ली द्या. रोज किती उतरवायचं?"

मी सांगितलं, दिवसाला एक वीत, जास्त नाही, नाहीतर आतला उतार घसरतो. किल्ली दिली. तलावातल्या मोजखांबावर तेव्हा पाणी बरोबर अकरा फुटांच्या खुणेला होतं. तलावाचा तळ कोरडा झाल्यावर पाइपापर्यंत खणावं आणि पहिल्या थरापासून पुन्हा ठोकत यावं. कुठला थर पुरे ठोकला हे जाऊ ठरवेल. आभाळ भरून आलं तरी तीच ठरवेल.

८. मुलाचं यंदाचं पीक यात वाळणार. त्याला हा कागद गुरुवारच्या आत वाचून दाखवावा. मला शिव्या द्यायच्या असतील तर मी ऐकायला असताना द्याव्यात.

९. गुरुवारी उठले तर बांधाचं बक्षीसपत्र जिवंतपणीच करून देईन. हे मृत्युपत्र मोडायचा हक्क कायद्याने मला आहे म्हणतात. बांधाच्या सातव्या कलमापुरता तो मी वापरणार नाही.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, खाडाखोड माझीच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, त्यांना तसं आधीच सांगितलं आहे.

सही : (केली)

साक्षीदार १ : गवंडी, खालच्या सातांतलं तिसरं घर. (सही)
साक्षीदार २ : दवाखान्यातली नर्स. (सही)

ठिकाण : झडपेजवळची खोली
तारीख : २० मे
पाणी : खांबावर अकरा फुटांच्या खुणेखाली एक वीत