घुबड फ्रीजरमध्ये का होतं

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. दिवसभर वाकून चित्रं काढून कंबर धरली आहे. खरोखर घातला असता तर उठवायला दादाला हाक मारावी लागली असती, आणि दादाशी सध्या मी बोलत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं काय ठरलं? इकडे सगळे मजेत आहेत, फक्त माझ्याशी माणसासारखं वागत नाहीत. दादाने तुला फोनवर काय सांगितलं ते मला कळलं आहे. 'तिचं डोकं ठिकाणावर नाही' हे तो सख्ख्या बहिणीबद्दल बोलला, आणि तेही बाल्कनीचं दार नीट न लावता. म्हणून माझी बाजू लेखी देते आहे.

मी शाळेतल्या मुलांसाठी रात्री उडणाऱ्या पक्ष्यांचं पुस्तक करते आहे, हे तुला माहीत आहे. (संपादकबाई म्हणतात, घुबड जरा हसरं काढा. चोचीने कसं हसायचं ते त्यांनी करून दाखवावं.) फोटोवरून काढलं की पिसं कुठून फुटतात, पंजाचं बोट मागे कसं वळतं, ते कळत नाही. जिवंत घुबड दिवसा भेटत नाही आणि भेटलं तर थांबत नाही. अशात वाचनालयाच्या मोठ्या काचेवर आपटून मेलेलं एक घुबड मला सकाळी पायरीवर मिळालं. अंगावर ओरखडा नाही, आणि पिसं इतकी मऊ की हात लागल्याचं हाताला कळू नये. ते मी तिथेच टाकून यायचं होतं का? ओढणीत गुंडाळून घरी आणलं, पिशवीवर पिशवी चढवली आणि फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या मागे ठेवलं. दुपारी बाहेर काढायचं, पंख टाचण्यांनी पसरून थोडं चित्र करायचं, परत ठेवायचं. वास नाही, पसारा नाही. (दादाचे बूट याहून जास्त वास मारतात आणि ते हॉलमध्ये असतात.)

बिघडलं ते दादाच्या सासूबाईंमुळे. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले तेव्हापासून त्या आमच्याकडे राहतात. वहिनी त्यांना कशाला हात लावू देत नाही, 'आई, तू बस' एवढंच दिवसभर चालतं. त्या दिवशी वहिनी ऑफिसात होती म्हणून त्या हौसेने स्वयंपाकाला उठल्या, वाटाणे काढायला गेल्या आणि भलतीच पिशवी सोडून बसल्या. घुबडाचं तोंड वरच होतं. त्यांची शुद्ध हरपली.

संध्याकाळी घरात सभा भरली. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात त्या आवाजात दादाने विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, हो, डावा पंख अजून राहिलाय. यावर वहिनी रडायला लागली. मग माझी जुनी चित्रं काढून जेवणाच्या टेबलावर मांडली गेली: उंदराचा सांगाडा, मुंग्या लागलेलं फळ, वाळलेली पाल. सगळ्यांनी नाकं मुरडली. त्या पालीच्या कातडीवर मी किती मेहनत घेतली होती, त्यावर एक अक्षर कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा मला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, "मेलेलेच प्राणी का काढता?" मी म्हटलं, हलत नाहीत. ते बराच वेळ लिहीत होते. त्यांच्या भिंतीवर बदकांचं एक चित्र होतं, त्यात बदकांचे पंख उलटे जोडले होते. मी ते सांगितलं, तर त्यांनी तेही लिहून घेतलं.

घरी परतले तर फ्रीजर रिकामा. वहिनीने घुबड कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकलं होतं. आत्या, मी काय कोणाचा खून करून ठेवला होता का? दार लावून घेतलं आणि जेवले नाही.

थोड्या वेळाने दार वाजलं. सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. आता यांचंही ऐकायचं, असं म्हणून मी तयारीत बसले. पण त्या टेबलापाशी गेल्या आणि घुबडाच्या डोक्याचं चित्र बघत राहिल्या.

"डोळा पुरता मिटला नव्हता ना याचा?"

"नाही काकू. बारीक फट राहिली होती."

"ह्यांचीही राहिली होती."

मग त्या खाली बसल्या. म्हणाल्या, भिंतीवर लावलाय तो ह्यांचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला, हसताना. शेवटी मी ज्यांच्याजवळ बसले होते ते त्या फोटोतले नव्हेत. तो चेहरा हल्ली आठवेनासा झालाय, आणि बोलायला गेलं की सगळे म्हणतात, तो विचार नको करूस. "मी सांगते तसं काढशील?"

मी काढलं. गाल आणखी आत, नाक धारदार, ओठ कोरडे. "एवढे नाही, जरा कमी." खोडलं, पुन्हा काढलं. शेवटी त्या "हं, हेच" म्हणाल्या आणि टेबलावरची खोडरबराची घाण पदराने पुसू लागल्या. त्या रडल्या नाहीत. मी रडले, पण ते दादाला सांगू नकोस.

ते चित्र वहिनीला साड्यांच्या घडीत सापडलं. मी तिच्या आईला बिघडवते आहे, असं ती म्हणते. आता डॉक्टरांकडे आम्हा दोघींची वेळ घेतली आहे. अन्याय कोणावर झाला आहे ते तूच ठरव. औषधं वेळेवर घे.

तुझी,
डोकं जागच्या जागी असलेली भाची

ता. क. वहिनीने फ्रीजला कुलूप लावलं आहे. तू एकटी, तुझा फ्रीज केवढा मोठा. त्यात तू बर्फाशिवाय काही ठेवत नाहीस, हे मी मागच्या वेळी बघून ठेवलं आहे.

आणखी एक. हे पत्र घेऊन आलेल्या बाई म्हणजेच दादाच्या सासूबाई. त्यांना दारात उभं ठेवू नकोस. पत्र त्यांनी वाचलं आहे. शुद्ध हरपल्याचं त्यांना मान्य नाही, त्या म्हणतात मी फक्त खाली बसले होते. त्यांच्या हातातली पिशवी आधी फ्रीजरमध्ये ठेव, चहाचं मागून बघ. आत काय आहे ते मला विचारू नकोस. सापडलं त्यांना आहे, आणि चित्रही त्याच काढणार आहेत.