एकसष्ट गोलांचा अहवाल

सोमवार, १२ मे. सकाळी ७
सीझन काल संपला. चौतीस मॅचेस, एकसष्ट गोल खाल्ले. लीगमध्ये आमच्याहून जास्त कोणी खाल्ले नाहीत. आकडा वाईट दिसतो, पण आकड्यांना फुटबॉल कळत नाही.

हेड कोचने बचावाचा अहवाल मागितलाय. मीटिंग २६ तारखेला. टीमच्या बचावाचा कोच मी, तेव्हा तो मीच लिहिणं बरं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही तेही त्याच मीटिंगमध्ये बघू, असं तो जाता जाता म्हणाला. जाता जाता म्हणाला म्हणजे वाढणार हे ठरलेलंच.

संकल्प: रोज दहा गोल बघायचे. सहा दिवसांत साठ. उरलेला एक चहाबरोबर.

मंगळवार, १३ मे
गोल बघितले: दोन. दोन्हींत चूक गोलकीपरची. एका जागी बसवत नाही. हॉल ते स्वयंपाकघर सतरा पावलं. बायको म्हणाली, एक तर बसा, नाहीतर बाहेर जा. बाहेर गेलो.

गुरुवार, १५ मे
काल शून्य. फाइलसाठी निळं कव्हर शोधत होतो. हिरवं मिळालं.

आज पाच. चुका: लेफ्ट बॅक दोन, रेफरी एक, वारा एक. पाचवा गोल अजून विचाराधीन.

जेवताना हिला ऑफसाइडची रेषा समजावून सांगितली. चार वाट्या, म्हणजे आमचे चार बचावपटू, एका ओळीत मांडल्या. रेषा कशी एकदम पुढे सरकते ते दाखवत असताना हिने लेफ्ट बॅक उचलला आणि त्यात दही वाढलं. मग म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हे लक्षात आलं नव्हतं. अहवालात मुद्दा घातला: मैदानाचा उतार.

शनिवार, १७ मे. दुपारी
मुलगी कॉलेजमधून आली आणि शेजारी बसून गोल बघायला लागली. सलग चौदा बघितले. पोरीला चिकाटी आहे, माझ्यावर गेलीय.

मध्येच म्हणाली, "बाबा, गोल होताना तुम्ही दरवेळी मैदानाकडे पाठ करून का उभे असता?"

मी नीट बघितलं. दरवेळी नाही. चौदापैकी नऊ वेळा. बाकीच्या वेळी मी वहीत लिहीत होतो. तिला सांगितलं की कोचने पुढच्या प्रसंगाचा विचार करायचा असतो, चालू प्रसंग खेळाडूंनी बघायचा. ती बरं म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली.

अहवालात मुद्दा: कॅमेऱ्याची जागा चुकीची.

सोमवार, १९ मे
घरात करमेना म्हणून क्लबवर गेलो. ड्रेसिंग रूम रिकामी. फळ्यावर माझेच शेवटच्या मॅचचे बाण, लाल आणि निळे. दहा मिनिटं बघितले. कुठला बाण कोणासाठी होता ते आठवेना. म्हणजे योजना किती गुंतागुंतीची होती बघा. प्रतिस्पर्ध्याला कळणं शक्यच नव्हतं.

मैदानावर बी पेरलंय. माळी म्हणाला, साहेब, गवतावर चालू नका. मी उताराबद्दल विचारलं. त्याने खिशातून गोटी काढून जमिनीवर ठेवली. गोटी जागची हलली नाही. म्हणाला, अजून कुठे ठेवू? मी म्हटलं, राहू द्या.

उताराचा मुद्दा तूर्त बाजूला.

बुधवार, २१ मे
आज लंबूच्या घरी गेलो. लंबू म्हणजे आमचा सेंटर बॅक, बचावाचा मधला खांब. वय पस्तीस, क्लबमध्ये अकरा वर्षं. खरं तर मी त्याच्याबद्दल काय लिहिणार आहे ते सांगायला गेलो होतो. खेळाडूशी समोरासमोर बोलावं, हे माझं तत्त्व आहे.

तो बर्फाच्या बादलीत पाय घालून बसला होता. गुडघा नारळाएवढा. शेवटच्या दहा मॅचेस इंजेक्शन घेऊन खेळलो, म्हणाला. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि तिथेच दारात उभी राहिली.

मी विचारलं, माझ्या सूचना तुम्हा चौघांपर्यंत पोहोचत होत्या ना?

त्याने बादलीतला बर्फ हाताने सारखा केला. मग म्हणाला, "सर, रागावू नका. अर्ध्या सीझननंतर आम्ही तुमच्याकडे बघणं सोडलं. तुमच्याकडे बघितलं की पोरं आणखी घाबरायची. मग मीच ओरडायचो, तू इकडे हो, तू मागे राहा."

म्हणजे माझा दरारा होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जे सांगायला गेलो होतो ते राहून गेलं. चहा फार गरम होता.

रविवार, २५ मे. सायंकाळी ५
उद्या मीटिंग. गोल बघितले: एकूण चौतीस. उरलेले सत्तावीस मी प्रत्यक्ष मैदानात बघितलेच आहेत.

सकाळपासून लिहितोय. दर परिच्छेदानंतर गच्चीत जाऊन यावं लागतं. खाली उतरलो की लिहिलेलं पटत नाही. वारा खोडला, कॅमेरा खोडला. खोडत खोडत शेवटी चूक घेऊन दोनच माणसं उभी राहिली. त्यातला एक मी. तेव्हा मग हे वाक्य लिहिलं:

'या खेळाडूच्या गुडघ्यात आता ताकद उरलेली नाही, त्याला यापुढे खेळवू नये. शिवाय मैदानात उरलेल्या बचावाला सूचना तोच देतो आणि सगळे त्याचंच ऐकतात, त्यामुळे कोचच्या सूचनांना वाव राहत नाही.'

चांगलं उतरलंय. मोजकं आणि ठाम. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा वाचा." मी पुन्हा वाचलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. आवडलं असावं.

सोमवार, २६ मे
मीटिंग अकरा मिनिटं चालली. हेड कोच म्हणाला, अहवाल उत्तम आहे, विशेषतः एक वाक्य. त्याने त्याखाली पेनाने दोनदा रेघ मारली होती. म्हणाला, लंबूला खेळवायचं नाही, हे तुमचं बरोबर. आणि सगळे त्याचंच ऐकतात, हेही बरोबर. म्हणून पुढच्या सीझनपासून बचावाचा कोच तो.

मी विचारलं, आणि मी?

त्याने हस्तांदोलन केलं. माझं हिरवं कव्हर परत दिलं. आतले कागद ठेवून घेतले.

बुधवार, २८ मे
काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज दुपारी लंबू आणि त्याची बायको घरी आले. दोन मजले, गुडघा तसाच. मला वाटलं भांडायला आला. तो सोफ्यावर बसला, पाय लांब केला आणि म्हणाला, "सर, डॉक्टर, क्लब, सगळे म्हणत होते, अजून एक वर्ष निघेल. निघणार नाही हे तुम्ही एकट्याने लिहिलंत. मला स्वतःहून थांबता येत नव्हतं."

त्याच्या बायकोने पदराने डोळे पुसले आणि ती माझ्या बायकोबरोबर आत गेली. आतून दोघींचं हळू बोलणं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, माझं कर्तव्यच होतं ते.

इथे कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. त्याच्या गुडघ्याचा विचार माझ्या मनात नव्हता. ते वाक्य मी माझी जागा वाचवायला लिहिलं होतं. त्याला हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

निघताना जिन्यावर त्याने माझा खांदा धरला. चौतीस पायऱ्या. तो आधी चांगला पाय ठेवायचा, मग दुसरा. प्रत्येक पायरीवर थोडं थांबावं लागलं. घाई करावी असं मला एकदाही वाटलं नाही.